जड स्टिअरिंग म्हणजे खरे स्टिअरिंग नव्हे

कापडाच्या धंद्यात मला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. या काळात एक गोष्ट मी रोज पाहत आलो आहे. गिऱ्हाईक गादीसमोर बसते, ताग्यावर हात फिरवते, कापड चिमटीत धरून चुरगाळते आणि "माल वजनदार आहे" असे म्हणून खूश होते. पण कापडाचे वजन दोन प्रकारचे असते. एक सुताचे आणि दुसरे खळीचे. भरपूर खळ दिलेले कापड हाताला कडक आणि भरदार लागते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि गिऱ्हाइकाच्या हाती विरविरीत फडके उरते. ज्याला पोत कळतो तो दुकानदार हे आधीच ओळखतो. ओळखूनही जो सांगत नाही, तो त्या गिऱ्हाइकाला एकदाच माल विकतो.

आज हे सांगण्याचे निमित्त मात्र कापड नाही. निमित्त आहे मोटार शर्यतीच्या कॉम्प्युटर खेळातील स्टिअरिंगचे. व्यापाराच्या पानावर खेळाची गोष्ट कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या धंद्यात आपल्या तरुणांचा कष्टाचा पैसा गुंतू लागला आहे, त्या धंद्याचा माल कसा पारखावा हे सांगणे व्यापाऱ्याचे कामच आहे. शिवाय जी चूक मी कापडात आयुष्यभर पाहिली, तीच चूक या नव्या मालातही मला जशीच्या तशी दिसली.

माझा भाचा आठ वर्षे आखातात ट्रेलर चालवून गेल्या वर्षी मुरूडला परत आला. साठवलेल्या पैशांतून त्याने बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेतला आणि तेथे शर्यतीच्या खेळाचे दोन संच लावले. एक संच म्हणजे खुर्ची, पडदा, कॉम्प्युटर, पायाखाली पेडल आणि पुढे मोटर बसवलेले स्टिअरिंग. जंजिरा पाहायला येणारे पर्यटक आत डोकावतील, दहा-पंधरा मिनिटे खेळतील, असा त्याचा हिशेब होता. सुरुवातीला तसे झालेही. पण पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, पर्यटक कमी होतात आणि दुकान गावातल्या पोरांवर चालवावे लागते. गावातली पोरे एकदा आली, फोटो काढले आणि पुन्हा फिरकली नाहीत.

एके दिवशी भाचा माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मामू, थोडी रक्कम उसनी पाहिजे. याच्यापेक्षा जोरदार स्टिअरिंग मागवतो. पोरं म्हणतात, खऱ्या गाडीसारखं वाटत नाही." मी म्हटले, "रक्कम नंतर बघू. आधी जे आहे ते दाखव." या लेखात जे लिहीत आहे, ते त्यानंतरच्या दोन महिन्यांत शिकलेले आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. खेळातील सगळी बटणे आणि पाट्या इंग्रजीत. भाचा वाचून अर्थ सांगत असे आणि मी तो माझ्या खातेवहीत उर्दूत टिपून घेत असे. त्या वहीवरूनच हा लेख तयार झाला.

हाताला काय कळते?

या स्टिअरिंगच्या पोटात मोटर असते. गाडी वळणावर गेली की खेळातील हिशेबाप्रमाणे ही मोटर स्टिअरिंग उलट ओढते, सैल सोडते किंवा थरथरवते. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९८९ साली 'हार्ड ड्रायव्हिन' नावाचे नाण्यावर चालणारे यंत्र आणले, त्याच्या स्टिअरिंगला असा जोर होता. घरच्या कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टचे असे स्टिअरिंग १९९८ साली आले. लॉजिटेक कंपनीचे जी२५ हे २००६ साली आले. ते खऱ्या मोटारीप्रमाणे अडीच फेरे फिरत असे.

खऱ्या गाडीत हा जोर येतो कोठून? आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. शिडाच्या होडीवर तांडेल सुकाणूचा दांडा हातात धरून बसतो. पाणी सुकाणूला जेवढे रेटते तेवढे ते त्याच्या तळहाताला कळते. प्रवाह बदलला, होडीची चाल मंदावली, तर डोळ्यांनी दिसण्याआधी हाताला समजते. मोटारीचेही तसेच आहे. पुढच्या चाकांचा वळण्याचा आस थोडा मागे कललेला असतो. त्यामुळे टायर जमिनीला जेथे टेकतो ती जागा आसाच्या किंचित मागे पडते. मालाच्या ढकलगाडीची फिरती चाके जशी आपोआप चालीच्या दिशेला येतात, तशी मोटारीची पुढची चाकेही सरळ व्हायला बघतात. ते खेचणे दांड्यांतून आणि गिअरमधून चालकाच्या हातापर्यंत पोहोचते.

आता यातील खरी मेख ऐका. वळणावर स्टिअरिंग जसजसे जास्त वळवावे तसतसे हे खेचणे वाढत जाते, पण शेवटपर्यंत वाढत नाही. टायरची पकड संपायच्या थोडे आधीच ते कमी होऊ लागते. स्टिअरिंग हातात एकदम हलके वाटते. मुरलेला चालक या हलकेपणावरून समजतो की आता पुढची चाके घसरणार. तो पाय उचलतो, स्टिअरिंग किंचित सैल करतो आणि गाडी सावरते. मागची चाके घसरली तर उलट होते. स्टिअरिंग स्वतःहून घसरणीच्या बाजूला फिरू लागते. शहाणा चालक त्याला अडवत नाही, हातातून वाट देतो आणि मग पकडतो.

म्हणजे स्टिअरिंगची भाषा जडपणात नाही. ती जडपणातून हलकेपणाकडे जाण्याच्या त्या क्षणात आहे. हा एक मुद्दा ज्याला समजला त्याला पुढचे सगळे सोपे आहे.

काटा शेवटच्या आकड्यावर अडकतो तेव्हा

भाच्याच्या दुकानात गेलो तर काय दिसले? त्याने सगळे जोर शंभरावर ठेवले होते. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामू, गिऱ्हाइकाला जड लागलं की तो म्हणतो, वा, खरी गाडी!" मला माझी खळ आठवली.

यात नुकसान कसे होते ते तराजूच्या भाषेत सांगतो. स्प्रिंगचा काटा असतो, त्यावर दहा किलोपर्यंत आकडे असतात. त्यावर दहा किलो ठेवा, बारा ठेवा की पंधरा ठेवा, काटा दहावरच राहणार. पंधरावरून अकरावर आलात तरी काटा हलणार नाही. स्टिअरिंगच्या मोटरचेही असेच आहे. तिचा एक कमाल जोर असतो. खेळाने त्याहून जास्त मागितला तरी ती कमालच देते. इंग्रजीत याला क्लिपिंग म्हणतात. मी माझ्या वहीत 'काटा अडकणे' असे लिहिले आहे. वेगाच्या वळणावर काटा अडकला की टायरची पकड सुटताना जो हलकेपणा यायला हवा तो हातापर्यंत येतच नाही. स्टिअरिंग दगडासारखे जड राहते आणि गाडी सरळ कठड्यावर जाते. पोरगा म्हणतो, "गाडी ऐकत नाही." गाडी बिचारी सांगत होती, पण तिचे तोंड आपणच बांधले होते.

हे माझ्या बोलण्यावर ठरू नये म्हणून आम्ही पारखी माणूस बोलावला. आमच्या शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका राहतात. पॉवर स्टिअरिंग नव्हते त्या काळात त्यांनी घाटातून बस चालवलेली आहे. त्यांना 'असेटो कोर्सा' या इटालियन खेळात बसवले. मैदान इटलीतील मॉन्झाचे. त्याच्या शेवटी पॅराबोलिका नावाचे एक लांबलचक उजवे वळण आहे. गाडी मुद्दाम साधी, छोटी घेतली. काका तीन वेळा त्याच वळणावर रस्ता सोडून मातीत गेले. चौथ्यांदा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "शेठ, गाडी घसरतेय हे मला डोळ्यांना दिसतंय, पण हाताला काही सांगत नाही. अशी बस असती तर मी डेपोतून बाहेर काढली नसती."

आम्ही जोर शंभरावरून खाली आणत गेलो. साठाच्या आसपास आल्यावर काका वळणावर थबकले, पाय उचलला, गाडी सावरली आणि निघून गेली. त्यांनी मागे वळून फक्त एवढेच म्हटले, "आता बोलतेय." भाच्याने माझ्याकडे पाहिले. तो स्वतः ट्रेलरचा ड्रायव्हर. त्याच्या हातांना हे ठाऊक होते, पण गिऱ्हाइकाच्या वाहवापुढे तो आपले हात विसरला होता.

सेटिंग कसे करावे

ज्या बांधवांनी असा संच घेतला आहे किंवा घेण्याचा विचार आहे, त्यांच्यासाठी माझ्या वहीतील क्रम येथे देतो. यात कोठेही जास्तीचा पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो.

पहिले काम, खोटे जोर बंद करा. स्टिअरिंगसोबत येणाऱ्या प्रोग्राममध्ये मध्यावर खेचणारी स्प्रिंग असते. ही स्प्रिंग गाडी, रस्ता किंवा टायर काही ओळखत नाही, फक्त स्टिअरिंग मध्यावर ओढत राहते. ज्या खेळात टायरचा हिशेब नीट केलेला आहे तेथे हिची गरज नाही. त्याचप्रमाणे इंजिनाची थरथर, कडेच्या दगडांचे हादरे असे वरून घातलेले परिणाम सुरुवातीला शून्यावर ठेवा. शेवटी चवीपुरते मीठ घालतो तसे थोडे थोडे घाला.

दुसरे, फेरे जुळवा. रस्त्यावरच्या साध्या मोटारीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण अडीच ते साडेतीन फेरे फिरते. शर्यतीच्या उघड्या चाकांच्या गाडीचे त्याहून पुष्कळ कमी फिरते. स्टिअरिंग ९०० अंशांवर, म्हणजे अडीच फेऱ्यांवर ठेवा आणि पडद्यावरचे स्टिअरिंग आपल्या हातातल्याइतकेच वळते की नाही ते पाहा. ते जुळले नाही तर पुढचे कोणतेच सेटिंग जुळणार नाही. पन्हा चुकला तर शिंप्याने कितीही चांगले शिवले तरी कपडा अंगाला बसत नाही.

तिसरे, जोर ठरवा. मोटर लहान असेल तर स्टिअरिंगच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये तिचा पूर्ण जोर मोकळा ठेवा आणि खेळाच्या आतला जोर कमी-जास्त करा. दोन्हीकडे एकदम हात घालू नका, नाहीतर कशाने काय बदलले ते कळत नाही. बहुतेक चांगल्या खेळांत जोर दाखवणारी एक पट्टी पडद्यावर आणता येते. काटा अडकला की ती शेवटाला भिडते किंवा लाल होते. ओळखीच्या मैदानावर सर्वांत वेगाचे, लांब वळण घ्या. त्या वळणाच्या ऐन भरात पट्टी शेवटाला जेमतेम शिवली पाहिजे, तेथे चिकटून राहता कामा नये. कडेच्या दगडावरून जाताना क्षणभर लाल झाली तर बिघडत नाही. गाडी बदलली की जोर पुन्हा पाहावा लागतो. एका मापाचा सदरा साऱ्या गावाला होत नाही.

चौथे, किमान जोर. गिअरवर चालणाऱ्या स्वस्त स्टिअरिंगमध्ये बारीक जोर दातांच्या घर्षणातच विरून जातो. मध्यावर स्टिअरिंग मेल्यासारखे वाटते. त्यासाठी किमान जोर थोडा थोडा वाढवा. सरळ रस्त्यावर हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागले की एक पायरी मागे या. पट्ट्यावर चालणाऱ्या स्टिअरिंगला हे थोडे लागते. ज्यात मोटरचा दांडाच थेट स्टिअरिंगला जोडलेला असतो त्याला जवळजवळ लागतच नाही.

पाचवे, ओढ. इंग्रजीत डॅम्पिंग म्हणतात ते हे. स्टिअरिंग तेलात बुडवल्यासारखे संथ फिरते. थोडीशी ओढ उभ्या गाडीचे हादरे शांत करते. पण जास्त घातली तर मागची चाके घसरताना स्टिअरिंग ज्या चपळाईने स्वतः फिरायला हवे ती चपळाई मरते. ही ओढ म्हणजे कापडातली खळच. हाताला भरदार लागते आणि सूत लपवते.

एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन-चार फेऱ्या मारा, आकडा कागदावर लिहा, मगच दुसरी बदला. माझ्या भाच्याने आता प्रत्येक गाडीचे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून संचाला टांगले आहेत.

महाग मोटर घ्यावी का?

येथे मी न्यायाची बाजूही सांगितली पाहिजे. महाग स्टिअरिंगमध्ये काहीच तथ्य नाही असे माझे म्हणणे नाही. मोटरचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. लॉजिटेक जी२९ सारख्या गिअरच्या स्टिअरिंगचा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर. वीतभराहून थोड्या मोठ्या स्टिअरिंगच्या कडेवर हे साधारण दीड किलोचे वजन होते. २०२१ साली आलेल्या फॅनाटेकच्या सीएसएल डीडीमध्ये मोटर थेट जोडलेली आहे आणि तिचा जोर ५, मोठा वीजपुरवठा लावल्यास ८ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे कडेवर साडेतीन ते सहा किलो. त्याच कंपनीने २५ न्यूटन-मीटरपर्यंतची स्टिअरिंगही काढली.

पण या मोठ्या मोटरचा खरा फायदा कोणता ते समजून घ्या. मोठा काटा घेतला म्हणून मालाचे वजन वाढत नाही. फायदा हा की काटा लवकर अडकत नाही. हलक्या आणि जड जोरांत अंतर जास्त राहते, आणि मध्ये गिअर नसल्यामुळे बारीक गोष्टी हातापर्यंत पोहोचतात. जो माणूस मोठी मोटर घेऊन तिलाही शंभरावर ठेवतो, तो शंभर किलोचा काटा आणून त्यावर दीडशे किलोचे पोते ठेवतो. शिवाय यात इजेचा धोकाही आहे. जोरदार मोटरचे स्टिअरिंग गाडी आदळताना झटक्याने फिरते आणि आत अडकलेला अंगठा किंवा मनगट दुखावते. ज्या दुकानात लहान मुले बसतात तेथे जोराला मर्यादा घालणे, अंगठे स्टिअरिंगच्या आतल्या दांड्यांत अडकवू न देणे आणि हाताशी बंद करण्याचे बटण ठेवणे ही दुकानदाराची जबाबदारी आहे.

दुसरा एक आक्षेप माझ्या मुलानेच घेतला. तो म्हणाला, "अब्बा, आजच्या गाड्यांत विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असते. तेथेही हाताला किती जड लागावे हे मोटर आणि कॉम्प्युटरच ठरवतात. मग खरे काय आणि खोटे काय?" प्रश्न रास्त आहे. आजची मोटार बोटाने वळते आणि रस्त्याची पुष्कळशी खबर वाटेतच गळते. पण म्हणूनच माझा आग्रह अधिक आहे. खरेपणाची कसोटी "अमुक गाडीइतके जड लागते का" ही नसावी. टायर काय करतो आहे ते वेळेवर कळते का, ही असावी. जड असो वा हलके, जे खबर देते ते खरे.

तिसरा आक्षेप धंद्याचा. पर्यटकाला दहा मिनिटांची मौज हवी असते, त्याला टायरची खबर कशाला? त्याला जड हवे तर जड द्यावे. मी म्हणतो, द्या, पण दुकान त्यावर उभे करू नका. पर्यटक एकदा येतो. दुकानाचे भाडे बाराही महिने द्यावे लागते. गावातला पोरगा पुन्हा तेव्हाच येतो जेव्हा त्याला कालच्यापेक्षा आज आपण सुधारलो असे दिसते. आणि ज्या स्टिअरिंगवर चूक कळतच नाही, त्यावर सुधारणा होत नाही. सेटिंग बदलल्यापासून भाच्याकडे चार-पाच पोरे नियमाने येऊ लागली आहेत. आपल्या फेरीची वेळ वहीत लिहितात, एकमेकांशी भांडतात, पुन्हा बसतात. गल्ला मोठा झाला असे मी म्हणणार नाही, पण पावसाळ्यात गाळ्याचे भाडे निघाले. नव्या स्टिअरिंगची उसनवारी मागे पडली. माझ्या दृष्टीने हा साधा नफा नव्हे, वाचलेली रक्कम आहे, आणि वाचलेली रक्कम ही पहिली कमाई.

खेळापलीकडे

हा विषय नुसत्या करमणुकीचा राहिलेला नाही. ब्रिटनचा जॅन मार्डनबरो २०११ साली 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत धावला. त्याच्यावर २०२३ साली सिनेमाही निघाला. आपल्याकडेही ही वाट अगदीच अनोळखी नाही. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० साली फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला. कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅकही आहे. कार्टला पॉवर स्टिअरिंग नसते, रस्त्यावरचे सगळे थेट हाताला लागते. हे सारे रस्ते फार खर्चाचे आहेत, आणि खेळात चांगला म्हणून कोणी लगेच शर्यतपटू होत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. तरीही ज्या पोराने खोट्या जडपणावर हात बसवला आहे, तो खऱ्या कार्टवर पहिल्याच वळणावर उघडा पडेल.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वाहन प्रशिक्षणाची. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त वाहनचालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले, ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. अशा केंद्रात सिम्युलेटर असणे त्या नियमांनी आवश्यक केले आहे. रायगड, रत्नागिरीतील कितीतरी तरुण गाडी चालवण्याच्या कामासाठी मुंबईला आणि आखातात जातात. त्यांचे हात उद्या अशा यंत्रावर घडणार असतील, तर ते यंत्र हाताला काय शिकवते हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. केंद्राने यंत्र घेताना पडद्याची रुंदी आणि खुर्चीचा दिमाख पाहण्याआधी एखाद्या मुरलेल्या चालकाला त्यावर बसवावे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर स्टिअरिंग हलके होते का, एवढा एकच प्रश्न त्याला विचारावा. उत्तर नाही असे आले तर ते यंत्र दिशादर्शक दिवे आणि गिअर शिकवायला ठीक, घाट शिकवायला नाही. त्याचप्रमाणे भाच्यासारख्या दुकानदारांनीही आपल्या खेळाला "ड्रायव्हिंग शिका" अशी पाटी लावू नये. खेळाला खेळ म्हणून विकावे. त्यात कमीपणा नाही.

विकणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. शिंपी कापड देण्याआधी माप घेतो. स्टिअरिंग विकणाऱ्याने निदान एक तास गिऱ्हाइकासोबत बसून ते जुळवून द्यावे, आकडे त्याच्या भाषेत कागदावर लिहून द्यावेत, आणि मगच मोठ्या मोटरची गोष्ट काढावी. यात आज एखादी मोठी विक्री हातची जाईल. पण पुढच्या वेळी तोच गिऱ्हाईक भावाला घेऊन येईल.

मागच्या आठवड्यात मी संध्याकाळी भाच्याच्या दुकानात गेलो होतो. बाहेर पाऊस होता. ड्रायव्हर काका खुर्चीवर बसले होते आणि दहावीतल्या एका पोराला सांगत होते, "डोळे पुढं ठेव. गाडी काय म्हणते ते हातानं ऐक." पोराने वळण घेतले, स्टिअरिंग हलके झाले, त्याने पाय उचलला. गाडी रस्त्यावर राहिली. भाच्याने गल्ल्यावरून मला विचारले, "मामू, मग ती रक्कम?" मी म्हटले, "पावसाळा सरू दे. दुसऱ्या संचाचे पेडल बदलायला देतो. मोटर आहे ती पुरे."